बुर्गीच्या एप्रनची गाठ

तळ्याकाठच्या सरायीचा फोटो कसा काढावा हे अख्ख्या ऑस्ट्रियात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस आपण, असं वेन्डेलिन ष्ट्रोब्लचं ठाम मत होतं. मत ठाम असलं की ते पोटात राहत नाही. लिंझहून उन्टरटानला येताना बसच्या ड्रायव्हरला त्यानं ते प्रत्येक वळणावर ऐकवलं. ड्रायव्हर बिचारा गाडी चालवत होता, पळून जाणार कुठं?

"डोंगर, पाणी आणि जुनं घर," वेन्डेलिन सांगत होता. "तिघंही जागचे हलत नाहीत. इतकी आज्ञाधारक मंडळी समोर असताना लोकांचे फोटो बिघडतात कसे, हेच मला कळत नाही."

"बसा की जरा," ड्रायव्हर म्हणाला. "वळण आहे."

पण बसणं वेन्डेलिनच्या स्वभावातच नव्हतं. गेली दोन वर्षं तो या तळ्यावरून त्या तळ्यावर, या सरायीतून त्या सरायीत मुक्काम करत हिंडत होता. सराय कुठलीही असो, गेल्या गेल्या तो तीन खोल्या बदलायचाच. एकीत उजेड चांगला पण पलंग कुरकुरतो. दुसरीत पलंग गप्प पण खिडकीत अक्रोडाची फांदी. तिसरीत सगळं झकास, पण मग तक्रार कशाची करायची? म्हणून परत पहिली. जेवायला बसला की सूप निवेपर्यंत चारदा उठून पाण्यावरचा उजेड बघून यायचा. सरायवाल्या बायकांना तो नकोसा व्हायचा, पण त्यानं काढलेले फोटो बघितले की त्याच बायका विरघळायच्या. खोटं कशाला बोला, फोटो तो सुरेख काढायचा.

आता त्या दोन वर्षांचं चीज व्हायची वेळ आली होती. 'तळ्याकाठच्या जुन्या सराया' हे जाडजूड पुस्तक छापून तयार होतं. रविवारी उन्टरटानच्या 'सोनेरी मासा' सरायीच्या अंगणात, ऐन पाण्याच्या काठी, त्याचं प्रकाशन होतं. पुस्तक काढणाऱ्या सराय-संघाच्या अध्यक्ष, डॉक्टर हेडविग क्रानेविटर, खास साल्झबुर्गहून येणार होत्या. बाई डॉक्टर होत्या त्या कायद्याच्या, इंजेक्शनच्या नव्हेत, पण समोरच्याला घाम फोडण्यात काही फरक नव्हता. प्रकाशन सुरळीत पार पडलं की त्या वेन्डेलिनच्या पुढच्या कामावर सही करणार होत्या. केर्न्टन आणि टिरोल या दोन प्रांतांतल्या झाडून सगळ्या तळ्यांवरच्या सराया! म्हणजे आणखी तीन वर्षं खोल्या बदलणं, सूप निववणं आणि शेवटी स्वतःच्या नावाचं दुसरं पुस्तक. या कामासाठी वेन्डेलिननं जिवाचं रान केलं होतं.

अट एकच होती. फोटोत काडीचाही फेरफार चालणार नाही.

याला कारण आधीचा फोटोग्राफर. त्या गृहस्थानं एका सरायीच्या फोटोत घरबसल्या दोन राजहंस घातले. पाहुणे यायला लागले आणि राजहंस कुठं आहेत म्हणून विचारायला लागले. शेवटी संघाला खरे राजहंस आणून सोडावे लागले, आणि त्यातल्या एकानं एका निवृत्त न्यायाधीशांच्या मांडीचा चावा घेतला. तेव्हापासून डॉक्टरबाई फोटोग्राफर दिसला की नमस्काराच्या आधी विचारायच्या, "काही घातलंत का? काही काढलंत का?"

"छे हो," वेन्डेलिन छातीवर हात ठेवून सांगायचा.

आणि ते खोटंही नव्हतं. त्यानं काही घातलं नव्हतं की काढलं नव्हतं. मुखपृष्ठावरचा फोटो त्यानं फक्त उलटा केला होता, आरशात दिसतो तसा. त्याचा नाइलाज होता हो. 'सोनेरी मासा'च्या अंगणात उभं राहिलं की राबेनकोगेलचा डोंगर येतो डाव्या हाताला, आणि पुस्तकाचं नाव छापायचं असतं डावीकडे वर. डोंगराच्या टाळक्यावर अक्षरं दिसायची कशी? त्यानं एक बटण दाबलं, डोंगर उजवीकडे गेला आणि डावीकडे छान मोकळं आकाश झालं. उलटी अक्षरं दिसू नयेत म्हणून सरायीची पाटी त्यानं आधीच चौकटीबाहेर ठेवली होती. डोंगर तोच, तळं तेच, आणि मधोमध उभी असलेली सरायीची मालकीण बुर्गी, तीसुद्धा तीच. याला काय फेरफार म्हणायचं?

शुक्रवारी दुपारी त्यानं मुखपृष्ठाची मोठाली पोस्टरं गावात लावली. एक सरायीच्या दारावर, एक बेकरीत, एक होड्यांच्या धक्क्यावर आणि एक चर्चच्या फाटकाशी. बाकीच्या सरायांना त्यांच्या त्यांच्या पानाची पोस्टरं आधीच टपालानं गेली होती. पुस्तकांची खोकी मात्र खोलीत बंद ठेवली, ती रविवारी डॉक्टरबाईंच्या हस्ते उघडायची होती. बुर्गी घरी नव्हती. नवे टेबलक्लॉथ आणायला ती ग्मुन्डनला बहिणीकडे गेली होती, ती रविवारी सकाळी परतणार होती. तिचा नवरा झेवेरिन मागच्या बाजूला माशांना धूर देत होता. हा माणूस माणसांशी कमी आणि माशांशी जास्त बोलायचा. हात पुसत तो पुढं आला आणि दारावरचं पोस्टर बघत उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग तो आत गेला, खांद्यावर गादी टाकून बाहेर आला, होडीत बसला आणि वल्ही मारत तळ्यापलीकडच्या आपल्या खोपटाकडे निघून गेला.

"भारावला बिचारा," वेन्डेलिन मनाशी म्हणाला.

एवढ्यात कुनिगुंडे आजी आल्या. चर्चमध्ये फुलं मांडायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्या निमित्तानं गावात कोण कुणाच्या शेजारी बसलं, कोण उठून गेलं, यावर देखरेखही त्यांचीच. त्यांनी चष्मा पुसला, पोस्टरला नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या आणि छातीवर क्रूस काढला.

"शेवटी केलंनच तिनं," त्या म्हणाल्या.

"काय केलं?"

"फोटो तुम्हीच काढलात ना? मग डोळे कुठं होते? गाठ बघा की."

वेन्डेलिननं वाकून बघितलं.

तिकडच्या बायका सणासुदीला डिर्न्डल नावाचा घेरदार पोशाख घालतात आणि त्यावर एप्रन बांधतात. त्या एप्रनची गाठ उजव्या हाताला बांधली तर बाई लग्नाची. डाव्या हाताला बांधली तर मोकळी, कुणी विचारायला हरकत नाही. हे तिथं कडेवरच्या पोरालासुद्धा कळतं. वेन्डेलिनलाही कळत होतं, त्याची आई जन्मभर उजवीकडेच बांधत आली होती. पण त्या दिवशी त्याचं सगळं लक्ष डोंगरावर. डोंगर इकडून तिकडं गेला तेव्हा बुर्गीची गाठही गुपचूप त्याच्याबरोबर गेली, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आता बुर्गी चार ठिकाणी, माणसाएवढ्या उंचीची, हसऱ्या चेहऱ्यानं, अख्ख्या गावाला सांगत उभी होती की मी मोकळी आहे.

"वाऱ्यानं सरकली असेल," वेन्डेलिन कसाबसा म्हणाला.

"वाऱ्यानं गाठ सरकते का कधी? तुम्हाला आतलं ठाऊक नाही," आजी आवाज खाली आणून म्हणाल्या, म्हणजे आता तो फक्त बेकरीपर्यंत जात होता. "फोटोच्या दिवशी ती नटूनथटून खाली आली, तर झेवेरिन सगळ्यांदेखत म्हणाला, 'कशाला एवढा थाट, या वयात कोण बघणार आहे तुला?' ती म्हणाली, 'बघशीलच तू.' कोपऱ्यातल्या टेबलावर सगळ्यांनी ऐकलं. आणि आता बॅग भरून बहिणीकडे. टेबलक्लॉथ आणायला एवढी मोठी बॅग लागते होय?"

"टेबलक्लॉथ मोठे असतील. तिला फोन करून विचारा ना आजी."

"असलं काही फोनवर विचारतात का? आणि विचारायचं काय राहिलंय? तिनं छापून कळवलंय."

त्या रात्री वेन्डेलिननं पाच खोल्या बदलल्या. एकीतही झोप लागली नाही. खरं म्हणजे एका वाक्याचं काम होतं. मंडळी, फोटो उलटा छापलाय. पण हे वाक्य डॉक्टरबाईंच्या कानावर जाणार. मग कुठलं केर्न्टन आणि कुठलं टिरोल. परत लिंझला जाऊन शाळेच्या पोरांचे ओळखपत्राचे फोटो काढायचे. तो वाक्य तोंडात घोळवायचा आणि परत गिळायचा.

शनिवारी सकाळी परिस्थिती आणखी चिघळली. वरच्या कुरणावरचा एगिड खाली आला. एगिड चीज करायचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. केसांना पाणी लावून भांग पाडलेला आणि काखेत चीजचं भलंमोठं चाक, त्याला लाल फीत.

"बुर्गी आहे?"

"नाही," वेन्डेलिन म्हणाला. "काही काम होतं?"

"काम कसलं. सहजच." एगिड पोस्टरकडे बघत टोपी दोन्ही हातांनी कुस्करत राहिला. "तिला कडक चीज आवडतं का मऊ? तुम्ही इथं राहताय म्हणून विचारलं."

"एगिड, तिला नवरा आहे."

"होता," एगिड नम्रपणे म्हणाला. "मी काही घाई करत नाही. पण मागच्या खेपेला एकीच्या बाबतीत मी लाजत बसलो आणि तो पशुखाद्यवाला पुढं गेला. या खेपेला मी ठरवलंय, रांगेत पहिलं उभं राहायचं." असं म्हणून तो चाक मांडीवर घेऊन अंगणातल्या बाकावर बसला, तो उठेना.

आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. वेन्डेलिन तळ्याकाठी येरझारा घालू लागला. धक्क्यापर्यंत जायचा, परत यायचा, परत धक्क्यापर्यंत. आठव्या की नवव्या फेरीत त्याला एकदम सुचलं. भानगड कशाची आहे? गाठीची. गाठच नसेल तर भानगड कुठली? त्यानं दुकानातून होड्यांना लावायच्या निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला. बुर्गीचा एप्रन निळाच होता, देवाचीच कृपा म्हणायची. दुपारी गाव जेवायला बसलं, गल्ल्यांत फक्त सुऱ्या-काट्यांचा आवाज, बाकावर एगिडलाही डुलकी लागलेली, तेवढ्यात त्यानं चारही पोस्टरांवरची गाठ पुसून टाकली. काम इतकं सफाईदार झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. डावी नाही, उजवी नाही. बाई लग्नाची का मोकळी, ज्याला जे समजायचं ते समजा. खोक्यांतल्या पुस्तकांचं उद्या बघू. त्या रात्री तो गाढ झोपला.

रविवारी सकाळी त्याला बँडच्या आवाजानं जाग आली. बँड प्रकाशनाच्या तालमीसाठी बोलावलेला होता, पण चाल ऐकून वेन्डेलिन गादीत ताठ बसला. ही चाल लग्नात वाजत नाही, प्रकाशनातही वाजत नाही. ही चाल वाजवत पेटी स्मशानात नेतात.

खिडकीबाहेर पांढरंशुभ्र धुकं. चर्चचा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला. अंगणात कुनिगुंडे आजी नखशिखांत काळ्या कपड्यांत, आणि त्यांच्याशेजारी एगिड, त्याच्या चीजच्या चाकाला आता काळी फीत. वेन्डेलिन पायजम्यावरच खाली धावला.

"कोण गेलं आजी?"

"आपला झेवेरिन," आजींनी डोळ्यांना रुमाल लावला. "शुक्रवारी होडी घेऊन गेला तो गेलाच. ज्याला त्याला वाटलं की असेल पलीकडे रागावून बसलेला. पण काल संध्याकाळी पोस्टर बघितलं आणि माझ्या काळजात चर्र झालं. पुढं गाठच नाही. पुढं नाही म्हणजे मागं बांधलीय. मागं गाठ कोण बांधतं? एक तर जेवण वाढणाऱ्या पोरी, नाहीतर विधवा. बुर्गी मालकीण आहे सरायीची, ती का वाढणारी पोरगी आहे?"

"अहो पण तो फोटो आहे आजी. महिन्यापूर्वीचा फोटो. त्यातली गाठ कालची कशी असेल?"

"तेच म्हणते मी," आजी म्हणाल्या. "परवा डावीकडे होती, काल मागं गेली. किती भराभर झालं बिचारीचं."

तेवढ्यात फायर ब्रिगेडच्या एका दाढीवाल्या माणसानं वेन्डेलिनला दंडाला धरून होडीत बसवलं आणि हातात लांब आकडी दिली. "नुसतं फिरण्यापेक्षा शोधा," तो म्हणाला. गावातल्या सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या होत्या. धुक्यात एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, नुसत्या आकड्या पाण्यात चुबकन बुडत होत्या. झेवेरिन जिवंत आहे, पलीकडे खोपटात घोरत पडलाय, हे तिथं एकट्या वेन्डेलिनला ठाऊक होतं, आणि तो त्याचं प्रेत शोधत होता. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

पलीकडे खोपटात झेवेरिन घोरत मात्र नव्हता. त्यानं चर्चची घंटा ऐकली होती. त्या तळ्यावर घंटा झाली की होडी असलेला प्रत्येक माणूस न विचारता निघतो. तोही निघाला, धुक्यात इतरांच्या रांगेत शिरला आणि मान खाली घालून अर्धा तास इमानेइतबारे आकडी टाकत राहिला. मग त्याची होडी वेन्डेलिनच्या होडीला लागली.

"कोण बुडालंय?" धुक्यातून आवाज आला.

"झेवेरिन," दाढीवाला म्हणाला.

"कुठला झेवेरिन?"

"सरायीतला. बुर्गीचा."

पलीकडची होडी आणखी जवळ आली.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, बायकोनं गाठ मागं बांधली."

पलीकडच्या होडीत आकडी खाली पडल्याचा आवाज झाला. वेन्डेलिननं बोलणाऱ्याचा आवाज ओळखला होता, पण तो काही बोलायच्या आत काठावरून किंकाळी आली. सकाळची बस आली होती. बुर्गी टेबलक्लॉथची बॅग घेऊन उतरली, तर समोर काळे कपडे. आजींनी तिला मिठी मारली आणि धीर धर म्हणाल्या. कशाचा धीर, म्हणून तिनं विचारलं. कुणीतरी सांगितलं. बॅग चिखलात पडली आणि बुर्गी तशीच, पायांतल्या बुटांसकट, पाण्यात धावत सुटली. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती धुक्यात हाका मारू लागली. आपण केलं काय हे, एवढंच वेन्डेलिनच्या डोक्यात फिरत होतं.

"झेवेरिन! अरे झेवेरिन!"

"आहे इथं," धुकं म्हणालं. त्यातून आधी होडीचं नाक आलं, मग झेवेरिन.

बुर्गीनं त्याच्याकडे बघितलं. "कुठं मेला होतास?"

"ते मला काय विचारतेस?" झेवेरिन म्हणाला. "शुक्रवारी मी नकोसा झालो, शनिवारी मेलो. एकदा काय ते ठरव. मी दोन्हीला तयार आहे, पण गावाच्या आधी मला सांगत जा."

"काय बडबडतोयस?"

"गाठ, बुर्गी. डावीकडची गाठ."

"डावीकडची? सव्वीस वर्षं उजवीकडे बांधतेय मी. त्या दिवशीही उजवीकडेच बांधली होती."

"मग फोटो काय खोटं बोलतोय?"

यावर सगळं गाव हळूहळू फोटोग्राफरकडे वळलं. वेन्डेलिन होडीत पायजम्यावर उभा होता. त्याच्या दहाही बोटांना निळा रंग लागला होता. आणि नेमक्या त्याच वेळी काठावर एक मोटार थांबली, तिच्यातून डॉक्टरबाई उतरल्या आणि नमस्काराच्या आधी म्हणाल्या, "ष्ट्रोब्ल, काही घातलंत का? काही काढलंत का?"

खरं सांगायचं तर त्या क्षणीही पळवाट होती. वाऱ्यावर, प्रेसवाल्यावर, कुणावरही ढकलता आलं असतं. पण बुर्गी अजून पाण्यातच उभी होती आणि तिनं झेवेरिनच्या होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, होडी परत कुठं जाईल म्हणून. वेन्डेलिननं केर्न्टनला आणि टिरोलला मनातल्या मनात रामराम ठोकला.

"उलटा केला," तो म्हणाला. "फोटो मी उलटा केला. डोंगर आड येत होता म्हणून. डोंगराबरोबर गाठ पण फिरली. मग भीतीनं ती मी रंगानं पुसली. हिचा काही दोष नाही, त्याचाही नाही, आणि कुणी मेलेलं नाही. विश्वास नसेल तर डोंगर बघा."

धुकं विरळ होत आलं होतं. सगळ्यांनी पोस्टरकडे बघितलं. मग तळ्याकडे बघितलं. मग परत पोस्टरकडे. राबेनकोगेल, ज्याच्या सावलीत ही सगळी माणसं जन्मली आणि म्हातारी झाली, तो अख्खा डोंगर दोन दिवस तळ्याच्या भलत्याच बाजूला उभा होता.

"खरंच की," दाढीवाला म्हणाला. "हे ध्यानातच आलं नाही."

"डोंगराकडे कशाला बघायचं?" कुनिगुंडे आजी फणकारल्या. "तो काय कुणाबरोबर पळून जाणार आहे?"

एगिडनं चीजच्या चाकाची काळी फीत सोडून खिशात घातली. मग जरा विचार करून चाक तसंच बुर्गीच्या बॅगेवर ठेवलं. "मऊ आहे," तो म्हणाला आणि वरच्या वाटेला लागला.

बुर्गीनं झेवेरिनला हाताला धरून खाली उतरवलं. "या वयात कोण बघणार आहे मला, असं म्हणाला होतास ना?"

झेवेरिन होडीची दोरी बांधायला वाकला.

"गाठ कुणी बघितली सगळ्यांत आधी?"

"मीच," झेवेरिन म्हणाला. कान लाल झालेले. "दिसलीच एकदम. लगेच."

"मग झालं तर," बुर्गी म्हणाली आणि तिथंच, सगळ्या गावादेखत, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. बँडला काय वाजवावं कळेना, म्हणून त्यांनी नाचायचा एक पोल्का वाजवला.

डॉक्टरबाई एवढा वेळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. आता त्या वेन्डेलिनपाशी आल्या. "राजहंस नाहीत ना कुठं?"

"नाहीत बाई."

"पुस्तकात कुठं रंग लावलेला नाही?"

"नाही बाई. रंग फक्त पोस्टरांना."

"हं." त्यांनी त्याच्या निळ्या बोटांकडे, मग पायजम्याकडे बघितलं. "माणूस चुकतो. पण मोटारीचा आवाज ऐकूनही जो खरं बोलतो त्याला मी एक चूक माफ करते. एकच. हा एकच फोटो आहे ना उलटा?"

वेन्डेलिननं मान हलवली. ती कुठल्या दिशेनं हलली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, पण डॉक्टरबाईंनी ती बरोबर दिशेनं घेतली. त्यांनी पर्समधून पेन काढून टेबलावर ठेवलं. जेवण झालं की सही.

मग काय विचारता! झेंडा वर गेला. चिखल झटकून नवे टेबलक्लॉथ अंथरले. डॉक्टरबाईंनी खोकी उघडली, टाळ्या झाल्या, पुस्तकं टेबलाटेबलावरून फिरू लागली. मुखपृष्ठावरच्या गाठीकडे बोट दाखवून लोक हसत होते आणि बुर्गीही हसत होती. वेन्डेलिन कपडे बदलून आला आणि खुर्चीत बसला. बसला म्हणजे खरोखरच बसला. त्याच्यापुढं झेवेरिननं धुराचा मासा ठेवला, बरोबर बटाटे आणि किसलेलं झणझणीत मूळ. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं गरम अन्न खाल्लं. एकदाही उठून पाण्याकडे बघितलं नाही. समोर डॉक्टरबाई, त्यांच्या उजव्या हाताला पेन, शेजारी झेवेरिन पुस्तक चाळत बसलेला. या माणसाला आज बोलायला सुचत होतं.

"डॉक्टरबाई, अभिनंदन हं," तो म्हणाला. "कळवलंसुद्धा नाहीत आम्हाला."

"कशाबद्दल?"

"तुमच्या ओटिलियाचं लग्न झालं ते." त्यानं पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. पान भरून शेजारच्या तळ्यावरची सराय होती, डावीकडे वर मोकळ्या आकाशात तिचं नाव होतं आणि तिच्या दारात, ती सराय चालवणारी, डॉक्टरबाईंची एकुलती एक मुलगी. लाल एप्रन, आणि त्यावर उजव्या हाताला छान टपोरी गाठ.

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला. पुस्तक उचलून उजेडाकडे धरलं.

"हे पान," त्या शेवटी म्हणाल्या, "पोस्टर करून तिच्या सरायीत कधी पाठवलंत तुम्ही?"

"पंधरा दिवस झाले असतील," वेन्डेलिन म्हणाला.

"तरीच. जनावरांचा एक डॉक्टर आहे तिकडे. फार चांगला मुलगा. दर रविवारी तिच्याकडे जेवायला यायचा. गेले दोन रविवार आला नाही, फोनही उचलत नाही. ती रडून रडून अर्धी झाली आणि मी तिलाच बोलले, की तूच काहीतरी बोलली असशील." त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकलं. "म्हणजे दोन झाले, ष्ट्रोब्ल. दोनच ना?"

वेन्डेलिन काही बोलायच्या आत झेवेरिननं पुस्तक परत आपल्याकडे ओढलं होतं आणि तो ते पहिल्यापासून चाळत होता, एकेक पान, अगदी कौतुकानं.

"एक सांगू का डॉक्टरबाई," तो म्हणाला, "आपल्याकडचे झाडून सगळे डोंगर उजवीकडे असतात, हे मला या वयात कळलं."

वेन्डेलिननं काटा खाली ठेवला आणि तो उठला. मासा फार सुरेख झाला होता असं तो अजून लिंझमध्ये शाळेच्या पोरांना सांगतो, हनुवटी वर घ्या म्हणता म्हणता. फक्त शेपटीकडचा भाग चवीला कसा होता, ते त्याला माहीत नाही.